पहिला पर्याय

करिष्माच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे मारुतराव विसरले होते असं म्हणता येणार नाही. विसरलेली गोष्ट माणसाला त्रास देत नाही आणि हे पत्र तर त्रास देत होतं. त्यांनी ते शब्दकोशाखाली ठेवलं होतं आणि तेव्हापासून ते शब्दकोश उघडायचंच टाळत होते. एखादा शब्द अडला तर अडलेलाच राहू देत होते. पण त्या दुपारी निगडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना, बाहुल्या मोठ्या करायचं औषध डोळ्यांत घालून ते बसच्या खिडकीशी बसले होते. बाहेरचा सगळा हमरस्ता पांढऱ्या उजेडात विरघळून गेला होता, मेट्रोचे अर्धवट खांब भिजल्या कागदावरच्या शाईसारखे पसरले होते, आणि त्या धुकटपणातून मागच्या बाजूनं कुणीतरी खणखणीत हाक मारली, "ओ वकीलसाहेब!" मारुतरावांनी मान वळवली. वळवली आणि मग ते चपापले. आपण वकील नाही. कधीच नव्हतो. कुणी आपल्याला तशी हाक मारतही नाही. मग मान का वळली?

हाक त्यांनाच होती. धुक्यातून एक निळा शर्ट पुढे आला आणि शेजारच्या सीटवर आदळला. "मी नवनाथ, काका. तुमच्या मागच्या खोल्यांत ऱ्हायचो की. वळखलं न्हाई का?"

"डोळ्यांत... औषध आहे."

"आस्सं व्हय. मला वाटलं, मोठ्या लोकांनी वळख सोडली." नवनाथ हसला. लातूरकडचा माणूस, मारुतरावांच्या भावानं, मालोजीनं, घरामागं बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत तो बायकोपोरीसह बरीच वर्षं भाडेकरू होता, आणि काम चाकणच्या कंपन्यांत मिळायला लागलं तसा म्हाळुंग्याला राहायला गेला. करिष्मा त्याची मुलगी. "तहसीलला आलो व्हतो, उत्पन्नाचा दाखला न्यायला. पोरीचं पत्र पोचलं ना तुमाला? रोज पोस्टमनला विचारती. मी म्हणलं, अगं, काका लई विचार करून लिव्हणारे हायेत. घाईचं काम न्हाई त्यांचं."

मारुतरावांनी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधली कुठलीतरी.

"पण आता थांबता येईना. उद्या बंद होतंय ते वकिलीच्या प्रवेशाचं. आज संध्याकाळी फॉर्म भरून टाकतो. आमच्याकडं रोहिदास हाय, सायबरवाला, लई हुशार पोरगं. त्यो म्हणला, जवळचं कॉलेज एक नंबरला टाका, सीट पक्की करून ठिवा. पुण्याचं दोन नंबरला. मंग दुसऱ्या फेरीत पुणं लागलं तर तिकडं उडी मारायची. कसंय?"

हे चूक आहे. मारुतरावांना ते इतक्या स्वच्छपणे कळलं की क्षणभर समोरचं धुकंही हटल्यासारखं वाटलं. कॉलेजांची ही यादी म्हणजे भाजीबाजारातला सौदा ठरवणं नव्हे, की आधी एक धरून ठेवावं आणि मग दुसरं बघावं. यंत्र वरून खाली वाचतं. वरचं मिळत असेल तर तिथंच थांबतं. आणि पहिल्याच फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो. पुढच्या फेऱ्या त्या मुलीपुरत्या संपल्या. जवळचं ते नवं कॉलेज तिच्या मार्कांना नक्की मिळणार, म्हणजे पुण्याचं, जे तिला हवं होतं, जिथल्या लायब्ररीबद्दल तिनं पत्रात दोनदा लिहिलं होतं, ते तिच्याच हातानं बंद होणार. माहिती-पुस्तिका मारुतरावांनी तीनदा वाचली होती, पत्राला उत्तर द्यायचं म्हणूनच वाचली होती. आता फक्त तोंड उघडून एक वाक्य म्हणायचं होतं. ते त्यांनी मनात जुळवलं. जुळवलेलं वाक्य लांब झालं, म्हणून तोडून दोन केली. दोनांतलं पहिलं कुठलं यावर ते अडले. तेवढ्यात कंडक्टरनं "खंडोबा माळ" म्हणून दांड्यावर टिचकी मारली, नवनाथनं त्यांना दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं, "सांभाळून उतरा, काका, पायरी दिसतीय का," म्हणाला, आणि बस निघून गेली. मारुतराव फुटपाथवर उभे होते. त्यांचं तोंड तेव्हा उघडलेलं होतं.

घरी जाताना ते भिंतीच्या कडेकडेनं चालले. दिसत नव्हतं म्हणून, आणि नेहमीच तसे चालायचे म्हणूनही. घसा कोरडा पडला होता. हा कोरडेपणा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. तो आधी जिभेच्या मुळाशी यायचा, मग टाळूला चिकटायचा, आणि मग तोंडात आपली नसलेलीच एखादी वस्तू ठेवल्यासारखी जीभ पडून राहायची. पहिल्यांदा तो आला तेव्हा ते तिशीतही नव्हते. भोसरीच्या कंपनीत पर्सोनेल खात्यात लेखनिक होते, आणि सकाळच्या वर्गांना पुण्याला जाऊन वकिली शिकत होते. तिसऱ्या वर्षाला खोट्या कोर्टात खोटा खटला चालवावा लागे. त्यांनी लेखी बाजू अशी तयार केली होती की प्राध्यापकांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. मग त्यांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले. न्यायमूर्ती म्हणून बसलेल्या प्राध्यापकांच्या मागं एक पंखा होता, त्याची जाळी वाकलेली होती, आणि पातं दर फेरीला तिला घासत होतं. ते घासणं त्यांनी ऐकलं. किती वेळ ऐकलं कोण जाणे. मग प्राध्यापक म्हणाले, "बसा. लेखी उत्तम आहे." कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढं अनेक वर्षं वाटत राहिलं.

डिग्री मिळाली. सनद घेतली नाही. नोकरी करणाऱ्याला सनद घेता येत नाही, हा नियम होता आणि खरा होता. मारुतराव तो नियम छत्रीसारखा जवळ बाळगून होते. कुणी विचारलं की उघडायचे. कंपनीत ते कामगारांच्या चौकशीत कोपऱ्यात बसून जबाब लिहायचे. चौकशी अधिकारी विचारायचा, "आरोप मान्य आहे?" समोरचा माणूस, कधी मानेनं, कधी टेबलावर मूठ आपटून, म्हणायचा, "मान्य न्हाई." मारुतराव लिहायचे: मान्य नाही. हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा लिहिले होते की झोपेतही हात ते लिहू शकला असता. प्रत्येक पानाच्या तळाशी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, त्यात शेवटची त्यांची. बोलायचं काम दुसऱ्यांचं होतं. ऐकायचं त्यांचं. कंपनी बंद झाली तेव्हा नोकरी गेली, म्हणजे छत्रीही गेली. पण तोवर वय झालं होतं, आणि वय हीही बरी छत्री होती. मालोजी पाहुण्यांना सांगायचा, "आमचा बंधू वकील हाय. फक्त मुका." सगळे हसायचे. मारुतरावही हसायचे, जरा उशिरा.

पुस्तकं मात्र होती. ओसरीवर एक फडताळ मांडून त्यांनी ती मागच्या खोल्यांतल्या पोरांना खुली केली होती. पोरांशी बोलायचं म्हटलं तरी त्यांना अवघड व्हायचं, म्हणून मग आपोआपच एक पद्धत पडली. वाचून झालेल्या पुस्तकात पोरं चिठ्ठी ठेवत, याच्यापुढचं आहे का, भुताचं आहे का, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर मारुतरावांचं उत्तर असे. एकही चिठ्ठी बिनउत्तराची राहिली नव्हती. करिष्माच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त. ती फडताळासमोर बसून चिठ्ठी लिहायची, ते चार हातांवर बसून उत्तर लिहायचे, आणि आक्काबाई, त्यांची बायको, धुणं वाळत घालता घालता म्हणायची, "काय बाई तऱ्हा! दोगंबी समूर बसल्यात आन पत्रव्यवहार चाललाय."

म्हणूनच तिनं फोन न करता पत्र लिहिलं होतं. आता ते वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. आधी तिनं व्यवस्थित प्रश्न विचारले होते: बारावीनंतरचा पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम घ्यावा, की आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा, पुढं काय काय होता येतं. मग तिनं लिहिलं होतं की गेल्या वर्षी ठेकेदारानं पप्पांना आणि त्यांच्या लाइनवरच्या लोकांना उद्यापासून येऊ नका म्हणून फोनवर सांगितलं, तेव्हा कामगार ऑफिसातला अर्ज तिनंच लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, कुणी लिहिलाय, चांगला लिहिलाय. मग म्हणाले, बाळ, आता तोंडानं सांग काय झालं. आणि तिला सांगता आलं नाही. खाली शेवटचा परिच्छेद होता. 'काका, मला लिहिता येतं, बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की घसा सुकतो. तुमच्याकडे वकिलीची डिग्री आहे आणि तुम्हीपण बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. असं माणूस वकील होऊ शकतं का? तुम्ही नाही म्हणालात तर मी बीकॉमला जाईन. मला वाईट वाटणार नाही.'

मला वाईट वाटणार नाही. हे वाक्य वाचून त्यांनी पत्र पहिल्यांदा मिटलं होतं. पहिल्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी लिहिलीही होती, चांगली चार पानं. पाच वर्षांचा घ्यावा, कारण कायदा लवकर हाताला लागतो. तीन वर्षांचा घ्यावा, कारण तोवर मन बदललं तर हातात एक पदवी असते. न्यायाधीशाची परीक्षा देता येते, कामगार न्यायालयात काम करता येतं, नोटरी, बँका, कंपन्यांची कायदा-खाती. त्यांची सून जयमाला हिंजवडीत एका आयटी कंपनीत होती; तिला त्यांनी विचारलं होतं, तेही चिठ्ठीवर. ती हसून म्हणाली होती, "आमच्या लीगलवाल्या मुली? दिवसभर तोंड उघडत नाहीत हो बाबा. नुसते करार वाचतात. कँटीनमध्येसुद्धा वाचत बसतात." हे त्यांनी आनंदानं लिहून घेतलं होतं, आणि रात्रभर विचार करून सकाळी पान फाडून टाकलं होतं. कारण तिनं ते विचारलंच नव्हतं. बोलायचं टाळून कुठं लपता येईल, असा तिचा प्रश्न नव्हता. लपायच्या जागा मारुतरावांना पाठ होत्या. हो म्हणावं आणि तिच्याही मागं कुठंतरी पंखा घासत राहावा? नाही म्हणावं आणि तिनं वाईट न वाटता बीकॉमला जावं? आपल्यासारख्यानं कुणाला काही सांगावंच का? उत्तर लिहिलं नाही तर निदान चुकणार तरी नाही, असं त्यांना वाटलं होतं. आणि आता ते न लिहिलेलं उत्तरच तिला रोहिदासच्या दुकानात घेऊन निघालं होतं.

घरात आल्यावर संध्याकाळपर्यंत वाक्यं जुळवून त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या, फोनवर वाचून दाखवायला. लिहिल्या आणि कागद डोळ्यांसमोर धरला तर सगळी अक्षरं एकमेकांत शिरलेली. चष्मा घातला, काढला, कागद लांब धरला. काही नाही. थेंबांचा असर रात्रीपर्यंत राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. "नवनाथचा नंबर आहे का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

आक्काबाईनं त्यांच्याकडं बघितलं असावं. त्यांना नुसता चेहऱ्याच्या जागी उजेड दिसला. "हाय की. कशाला?"

"लावून दे. म्हणजे... थांब. जरा पाणी पितो."

"प्या की. कोन न्हाई म्हनतंय." पाणी पिऊन झालं. पुन्हा एक घोट घेऊन झाला. "आवो, फोन हाय त्यो, चावतोय व्हय? ह्यो घ्या, लागला."

पलीकडं आधी आवाजांचा लोंढा आला. झेरॉक्सचं मशीन, कंपनीच्या बसचा हॉर्न, कुणीतरी चहा मागत होतं. मग नवनाथ. "हॅलो, कोण?"

"मी... मारुतराव."

"ओ वकीलसाहेब! वेळेवर केला बगा. रोहिदासकडंच हाय आमी. थांबा, स्पीकरवर टाकतो. ए करिष्मा, काकांचा फोन!"

स्पीकर नको, असं म्हणायचं होतं. ते आतच राहिलं. आता तिथं किती माणसं असतील? जिभेच्या मुळाशी कोरडेपणा आला, ठरलेल्या वाटेनं. "पहिला पर्याय," ते म्हणाले, "पहिला पर्याय जो आहे... तो..."

"काय म्हणतायत? ऐकू येत नाहीये," एक तरुण आवाज म्हणाला. हा रोहिदास असणार.

"पहिलाच मिळाला तर घ्यावा लागतो. मग पुढच्या फेऱ्या... नाहीत. जवळचं वर ठेवू नका."

"काका, टेन्शन नका घेऊ. मी दर वर्षी शेकड्यानं फॉर्म भरतो. आधी सीट धरायची, मग पुढच्या फेरीत बेटरमेंट, चांगलं कॉलेज."

"पहिल्याला बेटरमेंट नसते. ते... त्याच्या वर काही नाहीच ना."

मग रोहिदास जरा चढ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मारुतरावांनी ते ऐकलं. बसा, लेखी उत्तम आहे. पंखा घासत होता. की ते झेरॉक्सचं मशीन होतं? त्यांनी हातातला कागद उगाचच डोळ्यांजवळ नेला. पांढरं, नुसतं पांढरं. बसायला कुणी सांगत नव्हतं, आणि ते तर उभेच होते, भिंतीला एक हात टेकून. "मी वाचलंय," ते म्हणाले. "पुस्तिकेत. फेऱ्यांच्या प्रकरणात. तुझ्या मशीनवर उघडेल."

"पान कुठलं?"

"पान... आता सांगता येत नाही. डोळ्यांत औषध घातलंय."

"बघा नवनाथभाऊ. पान माहीत नाही, वकील नाहीत. उद्या जवळचं हातचं गेलं की माझ्या नावानं ओरडाल."

"नाही जाणार!" हे इतकं मोठ्यांदा आलं की आक्काबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दोन नंबरला ठेवलं म्हणून... ठेवलं म्हणून ते कमी होत नाही. पुणं नाही मिळालं तर यंत्र खाली येतंच. वर ठेवलं तर मात्र पुण्यापर्यंत... पोचतच नाही." श्वास संपला. पुढचा आलाच नाही. एवढंच होतं त्यांच्याकडं, आणि तेही तुटकं, उलटसुलट. आपण तिचं नुकसान केलं, त्यांना वाटलं. जरा नीट बोलणारं माणूस असतं तर त्या पोरानं ऐकलं असतं. आणि पुस्तिका गेल्या वर्षीची तर नव्हती ना?

मग एक बारीक, कापरा आवाज आला. तो फोनपासून लांब होता. त्यांच्याशी बोलत नव्हता. "दादा, थांब. सबमिट नको करू."

"अगं, मागं गिऱ्हाईकं उभी आहेत."

"उभी राहू दे. ती पुस्तिका उघड. मला बघायचंय."

माऊसचे टकटक आवाज. कुणीतरी कंटाळून उसासा टाकला. मग तोच आवाज वाचायला लागला. नियम, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शब्द मध्येच अडकत होते, एका ठिकाणी ती थांबली, घोट गिळल्याचं मारुतरावांना फोनमधूनही ऐकू आलं, आणि पुन्हा त्याच शब्दापासून तिनं वाक्य उचललं आणि शेवटाला नेलं. "पुण्याचं एक नंबरला टाक," ती म्हणाली. "जवळचं दोन."

"आन न्हाई लागलं तर गं?" नवनाथ.

"तर दोन नंबर आहेच ना, पप्पा. टाक दादा."

"टाकतो बाई, टाकतो. तुझा फॉर्म, तू मालकीण." आणि फोन बंद झाला. कुणी मुद्दाम बंद केला, की नवनाथला त्यांचा विसर पडला, कोण जाणे. मारुतराव बंद फोन कानाला लावून बराच वेळ उभे होते. सदरा पाठीला चिकटला होता.

"चा टाकू का?" आक्काबाई म्हणाली.

सकाळी डोळे निवळले. सगळ्यात आधी त्यांनी पुस्तिका काढली. यंदाचीच होती, आणि नियम होता तिथंच होता. तरी चैन पडेना. पुणं मिळेल का, मिळालं तर म्हाळुंग्याहून रोज जाणं झेपेल का, आणि पहिल्या वर्षी वर्गात तिचं नाव पुकारतील तेव्हा? या काळज्या होत्या, आणि त्या जातील असं त्यांना वाटलंही नाही. शब्दकोश त्यांनी उचलला. पत्र काढून टेबलावर सरळ केलं, शेजारी कोरा कागद घेतला, आणि या वेळी पहिले प्रश्न वेगळ्या कागदावर आटोपून ते थेट शेवटच्या परिच्छेदाकडं आले.

'चि. करिष्मास अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. अभ्यासक्रमांचं आणि पुढच्या कामांचं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे, ते सावकाश वाच. बोलता न येणारं माणूस वकील होऊ शकतं का, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. मी झालो नाही. पण एकदा बसलो तो पुन्हा उभाच राहिलो नाही, तेव्हा माझा दाखला तू धरू नकोस. यादीत काय येईल तेही मला माहीत नाही. पण तुला बोलता येत नाही, असं जे तू लिहिलं आहेस, ते मला मान्य नाही. काल संध्याकाळी फोन चालू असताना तुझं बोलणं मी ऐकलं. मला कुणी सांगितलेलं नाही, माझ्या कानांनी ऐकलं. कधी तुला स्वतःलाच ते खरं वाटेनासं झालं, तर मला बोलाव. मी येऊन तसं सांगेन. तोंडानं सांगेन.'

जुन्या सवयीनं त्यांनी दोन्ही पानांच्या तळाशी सही केली.

आकुर्डीच्या पोस्टाबाहेरच्या लाल पेटीपाशी आल्यावर त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. तिकीट होतं. पिनकोड होता. म्हाळुंगे इंगळे लिहिलं होतं, नाहीतर ते बालेवाडीकडच्या म्हाळुंग्याला जायचं. 'तोंडानं सांगेन' हे जरा जास्तच झालं का? पाकीट फोडून तेवढं खोडावं का? हात पेटीच्या फटीत अर्धा गेला आणि तिथंच राहिला. मागं हेल्मेट घातलेला एक माणूस रजिस्टरचं पाकीट हलवत उभा होता. त्याला बहुधा पेटीवरची वेळ वाचायची होती.

"झालं का, काका?"

मारुतरावांनी बोटं सोडली. आत कुठंतरी कागदावर कागद पडल्याचा आवाज आला.

"झालं," ते म्हणाले, आणि त्या माणसाला ऐकू गेलं नसेल म्हणून मागं वळून, त्याच्या तोंडाकडं बघून, पुन्हा म्हणाले, "झालं. या तुम्ही."